एफएमच्या बाजूनं लिहिलेलं पान

आई गेल्यावर बाबांना एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती. दारात कुणी उभं आहे एवढं त्यांना कळायचं, पण चेहरा दिसायचा नाही. म्हणून लालबागची खोली बंद केली आणि त्यांना माझ्याकडे, मीरा रोडच्या पेणकरपाड्याला आणलं.

मी तेव्हाही मुंबईच्या एका रेडिओ केंद्रावर निवेदक होते, आजही आहे. पक्की नोकरी नाही, बोलावतील तेव्हा जायचं. आठवड्यातले तीन दिवस सकाळी दहा ते अकरा गप्पांचा कार्यक्रम माझ्याकडे असायचा. रोज एक साधा विषय घ्यायचा, त्यावर लोक फोन करायचे, पत्रं लिहायचे. विषय म्हणजे तरी काय, सासरी पहिल्यांदा काय रांधलं, शाळेत कुणाच्या हातचा मार लक्षात राहिला, असले. शेवटची दहा मिनिटं निरोपांची. कुणाचा वाढदिवस, कुणाचा निकाल, कुणाकडे बाळ झालं. हे सगळं मीडियम वेव्हवर, म्हणजे जुन्या, लांबवर पोचणाऱ्या मध्यम लहरींवर जायचं. देवगड, गुहागर, श्रीवर्धनहून फोन यायचे आणि माणसं आधी विचारायची, "मॅडम, माझा आवाज येतोय ना?" जणू तेच निवेदक आणि मी श्रोता.

बाबा उभं आयुष्य छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढणं हीच त्यांची नोकरी. डोळे गेल्यावर त्यांनी ते काम कानांवर सोपवलं. मी घरी आले की चपला काढायच्या आत सुरू. "‘संपर्क साधा’ काय म्हणतेस? ‘कळवा’ म्हण. आणि त्या गुहागरच्या बाईंना मधेच तोडलंस. त्यांचं वाक्य राहिलं होतं." मला राग यायचा. पण दुसऱ्या दिवशी मी "कळवा"च म्हणायचे.

लालबागला त्यांना स्वच्छ ऐकू यायचं. पेणकरपाड्याला आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी रेडिओ लावला आणि नुसती खरखर. आमची इमारत सात मजल्यांची. चारही बाजूंना तशाच इमारती, मधे एक रिक्षा जाईल एवढीच जागा. प्रत्येक घरात एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, शिवाय आमच्या भिंतीला लागून लिफ्ट. या सगळ्याची घरघर मीडियम वेव्हच्या आवाजावर येऊन बसते. बाबांनी सेलवरचा सेट खिडकीत ठेवून पाहिला, आडवा केला, उभा केला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेला. मग त्यांनी एक युक्ती काढली. दहा वाजले की चाचपडत जाऊन घराचा मेन स्विचच बंद करायचा. फ्रिज बंद, पंखा बंद, सगळं घर मुकं. त्यानं आमच्या घरातली खरखर थांबायची, पण शेजाऱ्यांची चालूच राहायची.

"तुझं बोलणं येतं," ते म्हणायचे, "पण एखाद्या प्रुफावर शाई सांडल्यासारखं. अर्धे शब्द अंदाजानं लावतो."

"मग नका ना ऐकू. घरी आल्यावर मी सांगते सगळं."

"सांगणं आणि ऐकणं एकच असतं होय?"

मला माहीत नव्हतं ते पुढे कळलं. मी ड्यूटीवर गेले की बाबा लिफ्टनं सातव्या मजल्यावर जायचे, तिथून गच्चीचा जिना कठड्याला धरून चढायचे आणि पाण्याच्या टाकीशी बसून रेडिओ ऐकायचे. गच्चीवर खरखर नव्हती. हे किती महिने चाललं होतं कुणास ठाऊक. मेन स्विच मी घरात असायचे त्या दिवशीच, दुसऱ्या निवेदकांच्या कार्यक्रमाला बंद व्हायचा. मला दाखवण्यापुरता.

त्या दिवशी विषय होता, घरातलं सर्वांत जुनं भांडं. फोन भरपूर येत होते. मी हसतखेळत बोलत होते. आणि साधारण सव्वादहाला, त्या दिवशी उशिरा निघालेले बाबा चालू रेडिओ हातात घेऊन गच्चीचा जिना चढताना वरून तिसऱ्या पायरीवर पाय चुकून पडले.

तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन पापड वाळत घालायला गच्चीवर निघाल्या होत्या. त्यांना ते जिन्याच्या वळणावर सापडले. नंतर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्यांनीच मला सगळं सांगितलं. त्या माझ्याशी नेहमी हिंदीतच बोलायच्या, मधूनच एखादं मराठी वाक्य घालायच्या.

"अंकल नीचे पडे थे, रेडिओ बाजू में चालू था. आपका ही आवाज आ रहा था. मैंने बोला, अंकल, बेटी को फोन लगाती हूँ. तो हाथ पकडला माझा. बोले, अभी नहीं. ग्यारा बजे के बाद. अभी वो बोल रही है."

"आणि तुम्ही थांबलात?"

त्यांनी मान खाली घातली. "अॅम्ब्युलन्स तो बुलाया मैंने तुरंत. पण तुम्हाला फोन नाही केला. वो हाथ ही नहीं छोड रहे थे."

म्हणजे मी कुणाच्या तरी पणजीच्या तांब्याबद्दल कौतुकानं बोलत होते तेव्हा माझे वडील मोडलेलं हाड घेऊन जिन्यात पडून माझंच बोलणं ऐकत होते. खुब्याजवळचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली. दोन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता चालायचं ते घरातल्या घरात, वॉकर घेऊन. गच्चीचा तर विषयच संपला.

त्याच सुमाराला केंद्रावर एक हालचाल सुरू झाली. गप्पांचे कार्यक्रम मीडियम वेव्हवरून काढून एफएमवर न्यावेत असा प्रस्ताव होता. आमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी सगळ्या निवेदकांना बसवून समजावलं. शहरात मीडियम वेव्ह कुणी लावत नाही, मोबाईलवर तर ती येतच नाही. एफएम इमारतीत स्वच्छ येतं, गाडीत येतं. मग ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही मीरा-भाईंदरला राहता ना? तिकडे दोन्ही प्रकारचे श्रोते आहेत. नव्या इमारतींतले आणि किनाऱ्यावरचे. थोडं फिरा, बोला लोकांशी, आणि मला एका पानाचा अभिप्राय द्या. वर पाठवायचाय."

खरं तर मी तेव्हाच मनातल्या मनात ते पान लिहून टाकलं होतं. तरी फिरले. पेणकरपाड्यात, नया नगरात दुकानदारांना, रिक्षावाल्यांना, वॉचमनना विचारलं. बहुतेकांना मीडियम वेव्ह म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. नया नगरचे एक म्हातारे घड्याळजी म्हणाले, "कौनसा भी लगाओ, पर साफ लगाओ." मी ते वहीत लिहून घेतलं. मला हवं तेच ते बोलले होते.

मग एका दुपारी भाईंदरहून बस पकडून उत्तनला गेले. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचे दिवस होते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेनं एका तांडेलाचं घर सांगून ठेवलं होतं. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. बोट कुठे न्यायची, कधी परतायचं, हे तो ठरवतो. साठीचा माणूस, अंगानं सुका, ओसरीवर बसून जाळ्याची गाठ मारत होता. मी ओळख सांगितली. त्यानं हातातली सुई खाली ठेवली.

"बोला जरा," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"रेडिओत बोलता तसं."

मी संकोचून म्हटलं, "नमस्कार, श्रोतेहो."

त्यानं आत वळून बायकोला हाक मारली. "अगो, भायेर ये. तीच हाय."

त्याची बायको दारात येऊन उभी राहिली आणि नुसती हसत राहिली. तांडेल सांगायला लागला. दोन-तीन वर्षांपूर्वी तो बोट घेऊन खोल समुद्रात गेला होता. घरी मुलीचे दिवस भरले होते. किनारा मागे पडला की मोबाईल गप्प होतो. वायरलेस होता, पण त्यावर घरची माणसं कुठून येणार? बोटीवर रेडिओ मात्र कायम चालू. चौथ्या दिवशी सकाळी शेवटच्या दहा मिनिटांत मी एक निरोप वाचला होता. उत्तनच्या अमुक तांडेलांसाठी, तुमच्या मुलीला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

"सात मानसं व्हतो बोटीवर," तो म्हणाला. "समद्यांनी ऐकलं. मी इंजिन बंद केलं. जरा वेळ तसाच बसलो."

मला तो निरोप आठवत नव्हता. मी रोज वीस-पंचवीस निरोप वाचायचे. आठवल्यासारखी मान हलवली आणि लाज वाटली.

मग एफएमचं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"एफएम हाय आमच्याकडं. गाणी लागतात. किनारा दिसतो तवर चांगला येतो. मंग तुटतो. हा जुना रेडिओ तुटत न्हाय. खाऱ्या पान्यावर तर अजून लांब जातो. तुमी तुमच्या इंजिनिअरला विचारा."

मी पुढे विचारलं तेव्हा आमच्या इंजिनिअरनंही तेच सांगितलं.

निघताना तांडेल म्हणाला, "कागदात लिवा आमचं. आमाला कोन विचारतंय?"

"लिहीन," मी म्हटलं.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. मला वाटलं होतं, ते म्हणतील, त्या माणसांचं आधी बघ. आयुष्यभर दुसऱ्याच्या मजकुरातला एकेक कानामात्रा जपणारा माणूस, तो असंच म्हणेल.

"हवामानाच्या सूचनांचं काय होणार?" त्यांनी विचारलं.

"बातम्या आणि हवामान मीडियम वेव्हवरच राहणार आहे. फक्त गप्पांचे कार्यक्रम हलवायचेत."

"मग त्यांच्या जिवाला धोका नाही."

"जिवाला नाही."

"मग एफएम लिही." त्यांचा आवाज चढला. "मला उगाच मोठेपणा करायला लावू नकोस. मी हल्ली वाचू शकत नाही, चालू शकत नाही. तू दिवसभर बाहेर. एक तास तुझा आवाज असतो, तोही मला खरखरीत शोधावा लागतो. त्या तांडेलाला सात माणसं आहेत सोबतीला. मला कोण आहे?"

मी बाबांना असं मागताना कधी पाहिलं नव्हतं. आईच्या आजारपणातही त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

मी पान लिहिलं. इमारतींमधल्या श्रोत्यांची अडचण सविस्तर मांडली, घड्याळजींचं वाक्य घातलं, वयस्कर आणि अंध श्रोत्यांबद्दल एक परिच्छेद लिहिला. शेवटी लिहिलं, "किनाऱ्यावरील काही श्रोत्यांना समुद्रात एफएम मिळत नाही, तथापि हवामानविषयक सूचना मध्यम लहरींवर सुरू राहणार असल्याने त्यांची मोठी गैरसोय होणार नाही." त्या निरोपाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते वाचणाऱ्याच्या मनात राहिलं असतं, हे मला कळत होतं. माझ्या एका पानानं निर्णय झाला असं मी म्हणत नाही. अशी पानं खूप आली असतील. पण माझं पान कुठल्या बाजूनं होतं ते मला माहीत होतं.

दिवाळीच्या आधी कार्यक्रम एफएमवर गेला. पहिल्या दिवशी मी घरी आले तेव्हा बाबा वाटच बघत होते.

"स्वच्छ," ते म्हणाले. "तू पाणी प्यायलीस तेही ऐकू आलं." मग म्हणाले, "तू दमतेस गं. आधी खरखरीत कळत नव्हतं. बोलणं हसरं असतं, पण वाक्याच्या शेवटी श्वास पुरत नाही तुला. कधीपासून असं होतंय?"

आई गेल्यापासून, असं मी सांगितलं नाही. त्यांना ते समजलं असावं. त्यांनी माझा हात शोधला आणि धरून ठेवला. त्या दिवशी त्यांनी एकही चूक काढली नाही.

पुढचे काही महिने बाबांचे चांगले गेले. दहाला बेन चहा घेऊन यायच्या आणि दोघं मिळून कार्यक्रम ऐकायचे. बेनना निम्मंअर्धं कळायचं, बाबा बाकीचं समजावून सांगायचे. आमच्याकडे फोनही वाढले. ठाण्याहून, बोरिवलीहून, गाडीत बसलेल्या माणसांचे. आवाज स्वच्छ, बोलणं झटपट. पत्रं मात्र हळूहळू थांबली. गुहागरच्या ज्या बाईंना मी मधेच तोडायचे, त्यांचं एक पोस्टकार्ड आलं. "मॅडम, आमच्याकडे तुम्ही लागत नाही. डोंगर आड येतो. मुलानं मोबाईलवर लावून दिलं होतं, पण तो पुण्याला गेला." एवढंच. मी ते बाबांना वाचून दाखवलं नाही.

मार्चमध्ये बाबांना न्यूमोनिया झाला आणि पाच दिवसांत ते गेले. शेवटचे दोन दिवस ते बोलत नव्हते. त्यातल्या एका दिवशी माझी ड्यूटी होती. मी जाणार नव्हते, पण बेन म्हणाल्या, "जाओ आप. मैं लगाती हूँ रेडिओ." मी गेले, बोलले, काय बोलले ते आज आठवत नाही. बेननी सांगितलं, त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण माझा आवाज सुरू झाला तसा त्यांचा श्वास संथ झाला होता. खरं असेल, किंवा माझ्यासाठी सांगितलं असेल. मी कधी खोदून विचारलं नाही.

जूनमध्ये पुन्हा बंदी लागली. बोटी किनाऱ्याला आल्या असतील हे मला रोज आठवायचं. शेवटी एका रविवारी सकाळी उत्तनची बस धरली. कुणी बोलावलं नव्हतं, आणि या खेपेला वहीही सोबत नव्हती.

तांडेल बोटीला रंग देत होता. मला पाहून त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला, पण गेल्या खेपेसारखा हसला नाही.

"तुमी गेलात तिकडं," तो म्हणाला.

"हो."

"वाऱ्याची खबर मिलते. सांजच्याला, सकालला, बरोबर मिलते. घरची खबर मिलत न्हाय. पोरं म्हनतात, पयले त्या बाई बोलायच्या तर बोट भरल्यावानी वाटायची." मग त्यानं विचारलं, "तुमी लिवलं व्हतं ना आमचं?"

बसमध्ये मी या प्रश्नाचं उत्तर तयार केलं होतं. दोन्ही बाजू मांडल्या, पण वरच्यांनी ठरवलं. हे उत्तर खोटं ठरलं नसतं. मी तोंड उघडलं आणि ते आलंच नाही.

"लिहिलं, पण एकच ओळ," मी म्हटलं. "तुमची मोठी गैरसोय होणार नाही, असं लिहिलं. तुमच्या नातीचा निरोप लिहिला नाही. मुद्दाम नाही लिहिला. माझे वडील आंधळे होते, घरात आवाज नीट यायचा नाही, मला ऐकायला जाताना पडले. त्यांच्यासाठी मी एफएमच्या बाजूनं लिहिलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. शेजारच्या बोटीवरचं खिळे ठोकणं थांबल्यावर त्यानं विचारलं.

"हायेत का आता?"

"नाही. मार्चमध्ये गेले."

"ऐकलं त्यांनी?"

"ऐकलं. पाच महिने."

त्यानं मान हलवली. "बापासाठी केलंत. मी बी केलं असतं." मग ब्रश उचलून तो बोटीकडे वळला आणि पाठमोराच म्हणाला, "पन तवा तोंडावर सांगायचं व्हतं. तुमी लिवाल म्हनून आमी गप बसलो. न्हायतर आमी समदे गेलो असतो तुमच्या हापिसात. धा बोटींची मानसं गेली असती."

हे मला सुचलंही नव्हतं. मी माझ्याच दोन टोकांमध्ये अडकले होते, एका टोकाला बाबा आणि दुसऱ्या टोकाला तो. तो स्वतः उठून बोलू शकतो, त्याला माझ्या पानाची गरजच नव्हती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आता जा," मी म्हटलं. "अजूनही जाता येईल. अधिकाऱ्यांचं नाव देते, पत्ता देते. मी सोबत येते."

"तुमी कशाला? तुमची नोकरी हाय तिकडं."

"पक्की नाही."

पहिल्यांदाच तो जरासा हसला. त्याच्या बायकोनं घरातून एक जुनी वही आणि पेन आणलं. मी बोटीच्या सावलीत बसून पत्ता लिहिला, कुठल्या वारी कोण भेटतं ते लिहिलं, काय मागायचं तेही लिहिलं. सगळे कार्यक्रम परत आणा असं मागू नका, हवामानानंतर दहा मिनिटं निरोपांसाठी मागा, असं सुचवलं. त्यानं ते मोठ्यानं वाचून घेतलं, एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हा काय लिवलाय?" मी तो शब्द खोडून सोपा लिहिला.

जुलैत ते केंद्रावर गेले. धा बोटींची नाही, चार बोटींची माणसं गेली. मी दरवाज्याशी त्यांच्याबरोबर उभी राहिले. अधिकाऱ्यांनी त्यांना बसवलं, चहा दिला, अर्ज घेतला. तो वर पाठवलाय असं सांगतात. अजून उत्तर आलेलं नाही. मला ड्यूट्या तेवढ्याच मिळतात, एखाद्या महिन्यात एक कमी. तांडेल दर पंधरा दिवसांनी फोन करतो आणि अर्जाचं काय झालं ते विचारतो. मी जे असेल ते सांगते.